एका रात्रीची केबिन

२० ऑक्टो. २०१८, शनि.

काल नागपूरहून परत. दीक्षाभूमी झाली, पुस्तकं घेतली, पाय सुजले. जीपमध्ये दरवर्षीप्रमाणे मावतात त्याहून जास्त माणसं. आमच्या घरातल्या लोकांना रिकामी सीट बघवत नाही. कोपऱ्यात हाताएवढी जागा दिसली की शेजारच्या म्हातारीला हाक मारून बसवतात. मनू माझ्या मांडीवर, अकरा वर्षांची घोडी. देवरी आल्यावर उतरता उतरता म्हणाली, "आई, आपुन चौघंच कोठी गेलो काय कधी?"

आठवून पाहिलं. नाही गेलो. दवाखान्यात गेलो होतो एकदा, चिकूला टाके पडले तेव्हा. तेही सासूबाई बरोबर होत्याच.

२२ ऑक्टो., सोम. शाळेत, मधल्या सुट्टीत.

मनूचं बोलणं डोक्यातून जात नाही.

आमच्या घराचं असं आहे की पुढची खोली सासू-सासऱ्यांची. मागे स्वयंपाकघर, अंगण, अंगणात संडास. मधली खोली आमची. पुढून मागे जायला दुसरी वाटच नाही. म्हणजे आमची खोली ही खोली कमी आणि संडासाकडे जायचा रस्ता जास्त. लग्न होऊन आले तेव्हा दोन्हीकडे पडदे होते, आजही पडदेच आहेत, फक्त कापड बदललं. बाबा जाताना आधी खोकतात. सा.बाई चपला वाजवतात. दोघंही बिचारे खाली मान घालून जातात, त्यांचा काय दोष? पण मला झोपेतसुद्धा पदर सावरायची सवय लागली ती लागलीच. नवऱ्याशी, म्हणजे दि.शी, भांडायचं असलं तर त्यांच्या दुकानात जाऊन भांडावं लागतं. तिथं गिऱ्हाईक येतं.

सातवीचे पेपर तपासायचे राहिले.

२८ ऑक्टो., रवि.

दि. गोंदियाला दुकानाचा माल आणायला गेले होते, येताना एक रंगीत कागद घेऊन आले. मुंबईहून गोव्याला जहाज निघालंय. संध्याकाळी बसायचं, सकाळी गोवा. एक रात्र. आत हॉटेलसारखं सगळं. माझी भिशी लागली आहे, तिचं काय करायचं ते ठरत नव्हतं, दि.नीच ठरवून टाकलं. "चौघं जाऊ," म्हणाले. चौघं. मी दोनदा विचारलं.

मनूने कागद छातीशी धरला आणि सोडेना. चिकूचा प्रश्न, जहाजाला हॉर्न असतो का.

बाबांनी (सासरे) पेपर खाली करून एवढंच विचारलं, "मुंबईले जाचं तं सहा डिसेंबरले जा ना." आमच्या घरात मुंबई म्हणजे चैत्यभूमी. तिथं समुद्र आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो पाठीमागे असतो. म्हटलं, बाबा, बारा जानेवारीचं आहे. ते पुन्हा पेपरमागे गेले.

२ नोव्हें., शुक्र.

गोंदियाला एजंटकडे गेलो, चौघंही. नाव गुड्डूभाई. टेबलावर काच, काचेखाली सगळ्या जगाचे फोटो. म्हणाला, केबिन तीन तऱ्हेच्या. आतली, म्हणजे खिडकी नाही. खिडकीची. आणि गॅलरीची, जिथं खुर्ची टाकून समुद्र बघता येतो.

मनूला गॅलरी. चिकूला वरचा पलंग. भिंतीतून निघतो आणि सकाळी परत भिंतीत जातो, हे ऐकून तो दुसरं काही ऐकायलाच तयार नव्हता. दि.ना पाण्याची भीती आहे (कबूल करत नाहीत), म्हणून जिन्याजवळची. मी विचारलं, केबिनला दारं किती?

गुड्डूभाई: "दरवाज़ा? एक ही होता है, भाभीजी."

संडास?

"अंदर ही है, अटैच."

म्हणजे केबिनमधून पलीकडे कुठं जायची वाट नाही?

तो हसायला लागला. "भाभीजी, केबिन में से होकर कौन जाएगा?"

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, आम्हाला आतलीच द्या. गॅलरीला पुन्हा दुसरं दार आलं. खिडकी नको, मुलांना डेकवर जाऊन किती समुद्र बघायचाय तेवढा बघू दे. एकच दार, आतून कडी, आत आम्ही चौघं. दि. माझ्याकडे बघतच राहिले. मनूचं तोंड उतरलं. पण मी इतकी खूश झाले, तेवढी लग्न ठरलं तेव्हासुद्धा झाले नव्हते.

चौघांची आतली केबिन. नाव टाकून आलो.

३ नोव्हें., शनि.

शाळेत उगीचच हसत होते म्हणे. हेडबाईंनी विचारलं. काही नाही म्हटलं.

१४ नोव्हें., बुध.

काल आमच्याकडची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. सकाळपासून घरात पाहुणे, उंबऱ्यापासून चपलाच चपला. वडे, मटण, भात, पुन्हा वडे. माझ्या हाताला तेलाचा वास अजून आहे.

ताई आल्या. दि.ची मोठी बहीण, चोरखमाऱ्याच्या तलावाजवळच्या गावात दिलेली. भाऊजी गेले त्याला काही वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन दुर्गला. एकटीच राहते, धान लावते, मंडईला मात्र चुकत नाही. दि.ना या बाईनेच वाढवलं. सा.बाई कामाला जायच्या, ही दि.ना कडेवर घेऊन शाळेत बसायची. मास्तर म्हणाले एक तर त्याला घरी ठेव नाही तर तू येऊ नको. मग ती गेलीच नाही. हे दि. कधी बोलत नाहीत. पण तिच्या पानात वाढताना त्यांचा हात थांबत नाही.

तर काल दुपारी जेवणं चालली होती. चिकूने जहाजाचं सांगितलं, भिंतीतल्या पलंगासकट. ताई म्हणाल्या, "बाप्पा! पलंग भितीतून निंगते?" सगळे हसले. आणि दि. वाढता वाढता म्हणाले, "ताई, तू बी चाल ना आमच्या संग."

आता हे कसं म्हणाले ते मला माहीत आहे. बसमध्ये आपण डबा उघडतो तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणतो, या जेवायला. तो म्हणतो, चालू द्या. झालं. कुणी हात धुऊन बसत नाही.

ताईंनी घास खाली ठेवला. म्हणाल्या, "हाव, यीन ना मी. कधी निंघा लागते?"

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी दि.कडे पाहिलं, दि.नी भाताकडे.

१६ नोव्हें., शुक्र.

दिवाळीची सुट्टी. ताई अजून इथंच. मंडईच्या पाहुण्यांना घाईने कुणी घालवत नाही. झोपतात आमच्या खोलीत, पलंगाशेजारी खाली चटई टाकून. पुढच्या खोलीत जागा आहे, सा.बाई बोलावतात, पण त्यांना मधलीच पाहिजे. पडल्या पडल्या मला विचारतात, जहाज हलते काय, उलटी होते काय, उलटी झाली तं कोठी करा लागते.

मी सांगितलं, फार उलट्या होतात. काही काही लोकांना तर दवाखान्यात न्यावं लागतं. हे मी मुद्दाम सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मी लिंबू घेतो संग. साऱ्याइले पुरतीन एवढे."

स्वतःची लाज वाटली. रागही गेला नाही. दोन्ही एकदम.

१८ नोव्हें., रवि.

ताई गेल्या. जाताना सा.बाई दारात डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "तिनं काय पाह्यलं जल्मात? बरं झालं दिल्यानं म्हटलं तं." दिल्या म्हणजे दि. मी मान हलवली. मान हलवायला मी पहिल्यापासून हुशार.

२३ नोव्हें., शुक्र.

शाळा सुरू. ताईंचा रोज फोन.

"जहाजात शेगडी राह्यते काय? मी मंग पीठ घेतो."

"समुद्राचं पानी खारं राह्यते म्हनतेत. प्याचं पानी किती घेऊ?"

"मी खालीच झोपीन. मले पलंग कायले पायजे? पोट्ट्याइच्या मंधात पडून राहीन."

गावात साऱ्यांना सांगून झालंय. तलावावर मासे धरणारे लोक सल्ले देऊन राहिलेत त्यांना, नाव डुबली तर काय करायचं त्याचे. नवी बॅग घेतली, चाकांची. इतक्या आनंदात आहेत की फोन ठेवल्यावर मी दोन मिनिटं हातात धरून बसते.

२५ नोव्हें., रवि.

दि.नी गुड्डूभाईला फोन केला, मी बाजूलाच. पाच जण एका केबिनमध्ये चालत नाहीत. चार म्हणजे चार. दि. म्हणाले, ती खाली झोपेल. गुड्डूभाई म्हणाला, "भैया, ये ट्रेन का डिब्बा नहीं है. जितने पलंग उतने आदमी, उससे ऊपर एक बच्चा भी नहीं."

क्षणभर वाटलं, सुटले. नियमच आहे, आपण काय करणार. आपण तर नेत होतो. ताईंना सांगू, जागाच नाही. कुणाचा दोष नाही.

लगेच गुड्डूभाई म्हणाला, दुसरी केबिन घेऊन टाका, समोरासमोर मिळेल, बच्चे बुआ के साथ सो जाएँगे. दि.चा चेहरा उजळला. माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांनीच नजर खाली घातली. म्हणजे कळतं त्यांना. कळत नाही असं नाही.

२९ नोव्हें., गुरु.

घरी बोलता येत नाही, सांगायला गेलं की कुणीतरी खोकतं. म्हणून आज शाळेतून येताना मोटरसायकलवर बोलले. हेल्मेटमध्ये ऐकू जात नाही म्हणून मोठ्याने बोलावं लागलं, हायवेवर, ट्रक चाललेत, आणि मी ओरडतेय, मला तिथं आपण चौघंच पाहिजे!

त्यांनी गाडी बाजूला घेतली. हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. मग, "मी मनापासून नोयतो म्हटलं. तोंडातून निंगालं."

माहीत आहे, म्हटलं.

"आता मी कसा सांगू तिले? मले नाई जमत. तू सांगून पाय."

बोलावलं तुम्ही, नाही म्हणायचं मी. हे म्हणावंसं वाटलं, म्हटलं नाही, कारण त्यांचे डोळे भरले होते. हे मला अजिबात आवडत नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता.

सांगते म्हटलं. रविवारी जाते.

२ डिसें., रवि.

जाऊन आले. लिहायला बसवत नाही, पण लिहिलं नाही तर कुणाला सांगणार?

सकाळच्या बसने गोंदिया, मग तिरोडा, पुढे काळीपिवळी जीप. दि.ना दुकान आहे म्हणे. वाटेत वाक्य तयार केलं होतं: ताई, या वेळी नाही, पुढच्या वेळी नक्की. काळीपिवळीत तीनचारदा मनातल्या मनात म्हटलं, चांगलं वाटत होतं. कुणाला लागणार नाही असं.

ताई अंगणात धान वाळवत होत्या. मला बघून इतक्या धावल्या की पदरच राहिला धानात. चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. बॅग दाखवली, पलंगाखालून काढून. आत साडी घडी घालून ठेवलेली, लिंबाचं लोणचं, मुलांसाठी मुरमुऱ्याचे लाडू. आतापासून! म्हटलं, ताई, लाडू खराब होतील. "नाई होत. मी रोज पाह्यतो."

मी सुरू केलं. म्हटलं, ताई, तिथं केबिनमध्ये फार कोंदट असतं. खिडकी नाही. दार लावलं की बंद.

त्यांनी बॅगेची चेन ओढली. मला वाटलं, आता स्वतःच म्हणतील, मग मी नाही येत. मी खरंच देवाला मानत नाही, पण मनात कुणाला तरी हात जोडले.

त्या म्हणाल्या, "बंद दाराची मले आदत हाय वो. इथं दार लावलं का झालं, मंग कोनी नाई. रेडिओ लावतो, तो बी झोपून जाते." मग हसल्या. "म्हनून तं तुमच्याकडं मंडईले आलो का मधल्या खोलीत झोपतो मी. आई म्हनते पुढं झोप, पन मले मधलीच पायजे. बाबा खोकत जातेत, आई जाते, दिल्या पानी प्याले उठते. कोनी ना कोनी जाऊन येऊन राह्यते. झोपीत बी समजते का घरात मानसं हायेत. लय झोप लागते मले तिथं."

मी चहाचा कप तसाच धरून बसले.

मी ज्या खोलीला इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या देते, ती बाई त्या खोलीत झोपायला वर्षभर वाट बघते.

जाताना विचारलं त्यांनी, "तू काई सांगाले आलती काय?"

म्हटलं, नाही. सहज. सुट्टी होती म्हणून.

तांदूळ दिले पिशवीभर. काळीपिवळीपर्यंत पोचवायला आल्या आणि गाडी वळेपर्यंत उभ्या.

३ डिसें., सोम.

दि.नी विचारलं, सांगितलं? म्हटलं, तुम्हीच सांगा. ते समजले. संध्याकाळी दुकानातून येताना माझ्यासाठी समोसे घेऊन आले. काय करू मी समोशांचं!

६ डिसें., गुरु.

सकाळी विहारात वंदना. बाबा या वेळी मुंबईला गेले नाहीत, गुडघे. घरी टीव्हीसमोर बसून गर्दी बघत होते. मध्येच मला हाक मारून म्हणाले, "शांताले नेऊन राहिले ना तुमी, चांगलं केलं." शांता म्हणजे ताई. बाबा मला वर्षातून एकदा चांगलं म्हणतात. तेही यासाठी.

९ डिसें., रवि.

आज पुन्हा गुड्डूभाई. सगळेच गेलो, आता दोन केबिन म्हणून. नियम सांगितला: प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस पाहिजे. ताई एका केबिनमध्ये एकट्या झोपणार नाहीत, गावी एकट्या झोपतात तेवढं पुरे. मग मुलांपैकी कोण? चिकू तयार, त्याला फक्त वरचा पलंग पाहिजे, खाली वाघ झोपला तरी चालेल. मनू म्हणाली, "म्हंजे आपुन चौघं झालोच नाई?" आणि खुर्चीत तोंड फिरवून बसली. गुड्डूभाईसमोर काय बोलणार? मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने झटकला. बरोबर केलं तिनं. कुणीतरी झटकायला पाहिजेच होतं.

तेवढ्यात गुड्डूभाईला आठवलं. समोरासमोर नको, शेजारी शेजारी घ्या. "बीच में दरवाज़ा होता है, भाभीजी. फैमिली वाले सब यही लेते हैं. दरवाज़ा खोल दो, दो कमरों का एक घर हो गया. रात को बच्चे इधर से उधर, उधर से इधर."

दि. म्हणाले, "हे बेस आहे." चिकूने टाळ्या वाजवल्या.

मी कागदावरचं चित्र बघत होते. दोन चौकोन, मध्ये एक दार. आणि मग मला हसू फुटलं, असं की डोळ्यांतून पाणी. सगळे बघायला लागले. इतक्या लांब जायचं, समुद्रात जायचं, एका रात्रीसाठी, आणि तिथंही आमची मधली खोली.

दि.नी पाणी दिलं. काय झालं म्हणून विचारलं नाही.

घेतल्या त्याच दोन. नाही कसं म्हणणार होते? मान हलवली.

१७ डिसें., सोम.

शाळेत मुलांना होडीचं चित्र काढायला सांगितलं. एकाने होडीला चार दारं काढली. विचारलं, इतकी कशाला? म्हणाला, "मॅडम, सारे निंगतीन कुठून मंग?" शेरा दिला, छान.

२३ डिसें., रवि.

मनू अजून माझ्याशी धड बोलत नाही. दि.शी बोलते. चिकूशीही. माझ्याशी फक्त कामापुरतं. तिला वाटतं मीच हार मानली. मी तिला म्हटलं, आत्या एकटी असते गं. ती म्हणाली, "मग तू काऊन रडलीस गुड्डूभाईकडं?" रडले नाही, हसले होते म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी चूल पुसायला घेतली.

खरं सांगायचं तर मला राग कुणाचा येतो तेच समजत नाही. ताईंचा? त्यांनी एका 'हो'शिवाय काय केलं? दि.चा? त्यांनी तर आपल्याकडे सगळे म्हणतात तेच म्हटलं. आणि मी स्वतः कितीदा कुणाकुणाला चला म्हटलंय, मनात येऊ नका असताना. सगळे चांगले आहेत. कुणी वाईट असतं तर मला एक दार मिळालं असतं.

३ जाने. २०१९, गुरु.

गुड्डूभाईने कागद दुकानात पाठवले, शाळेतून येताना मी तिथंच बघितले. दोन्ही केबिनचे नंबर शेजारशेजारचे. मी तिथूनच फोन केला त्याला, दि. गिऱ्हाईकात होते तेव्हा. विचारलं, ते मधलं दार, त्याला कडी आहे?

"है ना, भाभीजी. दोनों तरफ से है. आप इधर से खोलोगे, वो उधर से खोलेंगे, तभी खुलेगा. एक ने भी बंद रखा तो बंद."

बंद ठेवायला एकच पुरे, म्हणजे. थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. काउंटरवरचे नटबोल्ट वेगळे करत बसले, मोठे एकीकडे, लहान एकीकडे. दि. म्हणाले, कायले करून राहिली, मी करतो. म्हटलं, असू द्या.

ताई आपल्या बाजूची कडी लावणार नाहीत. हे मला माहीत आहे. त्यांना कडी आहे हेसुद्धा कळणार नाही.

मग राहिली कुणाची?

५ जाने., शनि.

ठरवलं, लावते. एक रात्र. ताईंना काय, चिकू असेल त्यांच्याजवळ, मनू राहते आमच्याकडे, तीन तर तीन. सकाळी उघडेन. एक रात्र कुणाचं काय जातं? माझं काहीच नाही का?

दुपारी: नाही लावत. ती बाई लाडू बघत बसते रोज.

संध्याकाळी पुन्हा: लावते.

७ जाने., सोम.

दि.ना विचारलं, दाराचं काय करायचं? अंगणात, ते गाडी धूत होते. ते म्हणाले, "तू ठरव. जे करशीन ते बरोबर." हे म्हणजे मदत नाही, पण ते मनापासून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या दाराचं माझ्यावर सोपवलं कुणी, आणि मला नको झालंय.

सा.बाईंनी माझ्यासाठी स्वेटर काढून ठेवला. समुद्रात थंडी असते म्हणे. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

८ जाने., मंगळ.

परवा निघायचं. गोंदियाहून रात्रीची गाडी. ताई उद्याच येणार इकडे, एकत्र निघायला. मधल्या खोलीत चटई टाकून ठेवली.

मनू आज बोलली. आपण होऊन. "आई, मी आत्याजवळ झोपलो तं चालंल काय? चिकू वर चढते, खाली आत्या एकटीच राह्यते." म्हणजे मग मुलं तिकडे, आम्ही दोघंच या बाजूला. मी तिच्या केसांना तेल लावत होते, लावत राहिले.

मघाशी ताईंचा फोन. लाडू पुन्हा नवे केले, लोणचं बांधलं, शेजारणीला कोंबड्या सांभाळायला सांगितलं. मग जरा थांबून, हळू आवाजात, "प्रतिभा, पलीकडून तुमचं बोलनं आयकू यीन ना मले? दिल्या झोपीत बोलते ना, तेवढं बी आलं तं बस."

म्हटलं, येईल ना ताई.

दार उघडं असलं तर येईलच. बंद असलं तरी येतं का, भिंती कशाच्या असतात जहाजात, पातळ असतील का, हे काही गुड्डूभाईला विचारलं नाही. त्याचं दुकान उघडलं की उद्या विचारते.